ब्लॉगस्पॉटवरचा ब्लॉग स्वतःच्या साईटवर न्यायचाय, जुन्या लिंक, फोटो, कमेंट जातील का?

सर नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सेलूला असता, शाळेतून रिटायर झालात, नऊ वर्षं ब्लॉगस्पॉटवर बारवांवर लिहिताय, वालूर-चारठाण्यापासून सुरू करून ३४० लेख झाले. आता पुतण्या म्हणायलाय की स्वतःची वर्डप्रेस साईट करा (वर्डप्रेस म्हणजे साईट चालवायचं सॉफ्टवेअर), आणि तुम्हाला भीती वाटायलीय की जुन्या लिंक मरतील, फोटो जातील, लोकांनी लिहिलेल्या कमेंट जातील, आणि वर्षाला खर्च किती येईल. मी हे सगळं २०१९ ला केलंय, आणि चुकीच्या क्रमानं केलंय, म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.

माझं कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही. औशात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की ब्लॉग लिहायचो. आपल्याकडचे शब्द, आपल्याकडचं खाणं. त्यात एक लेख येळवसच्या भज्जी-आंबिलीवर होता. वर्षभर त्या पानाला कुत्रं विचारत नाही, पण वेळ अमावस्या जवळ आली की पुण्याला, हैदराबादला गेलेली आपली माणसं शोधत शोधत येतात, आंबिलीला ज्वारीचं पीठ किती, ताक किती आंबट, भज्जीत तुरीचे दाणे आधी का पातीचा कांदा आधी. त्या चार दिवसांत जेवढी माणसं येतात तेवढी बाकीच्या वर्षात येत नाहीत.

आणि मी शहाण्यानं ब्लॉग हलवायला डिसेंबरच निवडला. डोमेन (साईटचं स्वतःचं नाव, म्हणजे पत्ता) घेतलं, होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) घेतलं, लेख तिकडं ओतले, आणि जुन्या ब्लॉगच्या टेम्प्लेटमध्ये दोन ओळी टाकल्या की कुणी आलं की त्याला नव्या साईटवर ढकल. पण ढकलायचं कुठं तर नव्या साईटच्या पहिल्या पानावर, त्या लेखावर नाही. येळवसच्या आदल्या दिवशी दुपारी पुण्याहून वहिनींचा फोन, "भावजी, ती तुमची लिंक दाबली की दुसरंच काहीतरी उघडायलंय, दोनदा दाबली तर पान सापडत नाही म्हणायलंय, मला पीठ किती लावायचं तेवढं सांगा, ताक घुसळून ठेवलंय." दुकानात पीकविम्याचे फॉर्म भरायला माणसं उभी आणि मी फोनवर आंबील सांगत होतो. त्या दिवशी असे नऊ फोन आले.

तर क्रम असा पाहिजे होता. आधी नुसतं डोमेन घ्यायचं. होस्टिंग नाही, वर्डप्रेस नाही, काही नाही. ते डोमेन आत्ताच्या ब्लॉगस्पॉटलाच जोडायचं. ब्लॉगरच्या (ब्लॉगस्पॉट ज्यावर चालतं ती गूगलची सेवा) सेटिंगमध्ये कस्टम डोमेन म्हणून जागा आहे, ते दोन सीनेम रेकॉर्ड देतं (डोमेन कुणाकडं वळवायचं ते सांगणाऱ्या नोंदी), एक तुमच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला जीएचएस डॉट गूगल डॉट कॉमकडं वळवायचा आणि दुसरा नुसता ओळख पटवायचा, ते डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये भरायचे. पुतण्याला अर्ध्या तासाचं काम. एकदा जोडलं की जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या डोमेनवर जातो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच लेखावर जातो, पहिल्या पानावर नाही. गूगललाही कळतं की हा पत्ता कायमचा बदललाय. असंच चार-सहा महिने राहू द्या. ब्लॉग तोच, फक्त नाव तुमचं.

मग जेव्हा केव्हा साईट हलवाल तेव्हा फक्त डोमेनचं तोंड होस्टिंगकडं फिरवायचं आणि ब्लॉगरमधल्या सेटिंगला हात लावायचा नाही. जुना ब्लॉग तिथंच पडून राहतो आणि आलेल्याला तुमच्या डोमेनवर पाठवत राहतो. मी हे उशिरा शिकलो, जानेवारीत दोन दिवस डोमेन उलटं ब्लॉगरकडं फिरवलं, जोडलं, आणि परत होस्टिंगकडं आणलं. आजपर्यंत चालू आहे.

आता आपल्या मराठी लिहिणाऱ्यांची एक वेगळीच गंमत आहे, ती यूट्यूबवर कुणी सांगत नाही. ब्लॉगरला देवनागरी मथळा दिला की तो पत्त्यातनं आपली अक्षरं गाळून टाकतो आणि उरतं नुसतं 'ब्लॉग-पोस्ट'. त्याच महिन्यात दुसरा लेख टाकला की 'ब्लॉग-पोस्ट' आणि मागं एखादा आकडा. पुढच्या महिन्यात परत कोरं 'ब्लॉग-पोस्ट'. तुमचा ब्लॉग उघडा आणि वर पत्त्याच्या पट्टीत बघा, मथळा इंग्रजीत नसेल तर हेच दिसेल. माझ्याकडं आकड्याशिवायचे नुसते 'ब्लॉग-पोस्ट' चाळीसच्या वर निघाले, सगळे वेगवेगळ्या महिन्यांतले. ब्लॉगरला ते चालतं कारण पत्त्यात आधी वर्ष आणि महिना असतो. वर्डप्रेसमध्येही पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) सेटिंगला वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल असं लावता येतं, आणि व्हिडिओवाले सांगतात की तेवढं केलं की झालं. इंग्रजी ब्लॉगचं बऱ्यापैकी होतही असेल. आपलं होत नाही, कारण वर्डप्रेस एक नाव एकाच लेखाला देतं, महिना वेगळा असला तरी. दुसऱ्याला गपचूप मागं २ लावतं, तिसऱ्याला ३.

आणि पत्ता वर्डप्रेसवरच सोडला तर उलटा त्रास. वर्डप्रेस देवनागरी मथळ्याचाच पत्ता करतं, पण आतून आपलं एक अक्षर म्हणजे टक्क्याची चिन्हं आणि आकडे मिळून नऊ खुणा होतात, काना-मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, आणि पत्त्याच्या नावाला मर्यादा २०० ची. म्हणजे बावीस अक्षरं झाली की मथळा मधेच तुटतो. 'परभणी जिल्ह्यातल्या दुर्लक्षित बारवा' हे 'दुर्ल' पर्यंत सुद्धा नीट पोचणार नाही. व्हॉट्सअपवर पाठवली तर ती लिंक बघून माणसाला वाटतं व्हायरस आहे. म्हणून नव्या साईटवर प्रत्येक लेखाला हातानं रोमन लिपीत छोटं नाव द्या, गावाचं नाव आणि बारव, बास.

मग जुनं ते नवं जोडायचं कसं? तक्ता करायचा, दुसरा उपाय नाही. ब्लॉगर इम्पोर्टर नावाचं जे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे ते लेख आत घेताना प्रत्येक लेखाच्या पोटात त्याचा जुना पत्ता लिहून ठेवतं, कस्टम फील्डमध्ये. ते बाहेर काढून एक्सेलमध्ये एका रकान्यात जुना, दुसऱ्यात नवा, आणि ती फाईल रिडायरेक्शन नावाच्या प्लगिनला द्यायची. माझे १८६ लेख होते, तीन रात्री गेल्या. तुमच्या ३४० ला आठवडा धरा. आणि त्यात एक गोष्ट विसरू नका, मोबाईलवरून शेअर झालेल्या ब्लॉगरच्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, एम, बरोबरचं चिन्ह, एक (?m=1) असं शेपूट असतं. वर्डप्रेसमध्ये एम म्हणजे वर्ष-महिना, त्यामुळं ते बिचारं सन १ मधले लेख शोधतं आणि पान सापडलं नाही म्हणतं. वहिनींचं दुसऱ्यांदा दाबल्यावर तेच झालं होतं. त्या प्लगिनमध्ये शेपटाकडं दुर्लक्ष कर असा पर्याय आहे, तो लावा.

फोटो. तुमच्यासाठी हेच सगळ्यात मोठं, बारव म्हणजे फोटोच. ब्लॉगरच्या बॅकअपच्या फाईलीत लेख असतात, कमेंट असतात, फोटो नसतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात. इम्पोर्टर काही फोटो ओढून आणतं, काही सोडून देतं, आणि जे राहतात ते दिसतात मात्र व्यवस्थित कारण ते अजून गूगलच्याच सर्व्हरवरून येत असतात. माणसाला वाटतं सगळं आलं. मग एक दिवस तो जुना ब्लॉग आता कशाला म्हणून डिलीट करतो, आणि मग कळतं. डिलीट करू नका. कधीच नाही. प्रायव्हेट पण करू नका.

दुसरं, लेखात जो फोटो दिसतो तो लहान केलेला असतो. त्याच्या पत्त्यात बघा, एस३२० किंवा एस६४० असं कुठंतरी लिहिलेलं सापडेल, म्हणजे तेवढ्याच पिक्सेलचा. तिथं एस० केलं की मूळ चढवलेला फोटो मिळतो. मी इम्पोर्ट करण्याआधी बॅकअपची फाईल नोटपॅडमध्ये उघडून एका झटक्यात सगळे बदलले (आधी फाईलीची कॉपी करून ठेवा, मी ठेवली नव्हती आणि एकदा सगळं परत काढावं लागलं). तुमच्या पायऱ्यांवरच्या शिल्पांचे, शिलालेखांचे फोटो ३२० पिक्सेलमध्ये आले तर काय उपयोग. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात किंवा हार्डडिस्कवर असतील तर मग प्रश्नच मिटला, पण नऊ वर्षांपूर्वीचं कार्ड कुणाला सापडतंय.

फाईल चढवताना अडली तर घाबरू नका. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची फाईल चढवायची मूळ मर्यादा २ एमबीची असते, पुष्कळ होस्टिंगवाले वाढवून देतात, काही देत नाहीत. पॅनेलमध्ये ती वाढवता येते. आणि 'माझ्याविषयी' सारखी जी वेगळी पानं केली असतील ती इम्पोर्टर आणत नाही, ती कॉपी-पेस्ट.

खर्चाचं. माझं डोमेन वर्षाला हजार-बाराशेच्या घरात जातं. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, मला पहिलं वर्ष अठराशेत पडलं आणि रिन्यूअलला पाच हजार चारशे, वर १८ टक्के जीएसटी. एसएसएलचे (साईट सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, मुदत संपायच्या आधी आपोआप नवं होतं.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमच्याकडं एकानं, नाव घेत नाही, डोमेन होस्टिंग सगळं मीच करून देतो म्हणून पैसे घेतले आणि डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं. वर्षानं मी दुसरीकडं जातो म्हटलं तर डोमेन हलवायला लागणारा कोड देईना, आज देतो उद्या देतो, फोन उचलणं बंद. सहा महिने त्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. डोमेन म्हणजे सातबारा हो सर, होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली कुणाचीही असू द्या. दोन्ही एकाच माणसाकडं तर बिलकुल ठेवू नका.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. मला विचाराल तर तुम्ही निम्मंच करा. डोमेन घ्या, ब्लॉगरला जोडा आणि तिथंच थांबा. वर्डप्रेस म्हणजे दावणीचं जनावर आहे, रोज बघावं लागतं. प्लगिन अपडेट, बॅकअप, स्पॅम. मी एकदा तीन महिने लक्ष दिलं नाही, तर गूगलवर माझी साईट शोधली की आंबिलीच्या लेखाखाली जपानी भाषेत बुटांच्या जाहिराती दिसायल्या. जुनं प्लगिन होतं, त्यातनं कुणीतरी घुसलं. साफ करायला पंधरा दिवस. ब्लॉगरवर हे गूगल बघतं, तुम्हाला फक्त लिहायचं. आणि रिन्यूअल चुकलं की होस्टिंगवाला सगळं पुसतो, ब्लॉगस्पॉटवरचं तसं पैशाअभावी जात नाही. दहा-पंधरा वर्षांनी ते पैसे कोण भरणार हे पुतण्याला आत्ताच विचारून घ्या, हसून विचारा पण विचारा. नकाशा टाकायचाय, तालुक्यानुसार बारवांची यादी करायचीय, असं काही ब्लॉगरमध्ये न होणारं मनात असेल तर मात्र वर्डप्रेस करा, मग वरचं सगळं.

राहिल्या कमेंट. त्या येतात, नावासकट, तारखेसकट. स्पॅममध्ये पडलेल्या तेवढ्या येत नाहीत, म्हणून हलवण्याआधी ब्लॉगरचा स्पॅमचा डबा एकदा उघडून बघा, आपल्या मराठी कमेंट त्यात उगीच पडलेल्या असतात. माझ्या तिकडं ४१२ होत्या, इकडं ४०९ आल्या. तीन कुठल्या गेल्या ते शोधत एक आख्खा रविवार घालवला, सापडल्या नाहीत. येळवसच्या लेखाखाली २०१४ ला कुणी तरी 'अनामित' म्हणून लिहिलं होतं की लसूण मिक्सरला लावू नका, ठेचा, मिक्सरनं आंबील कडू होते. ती आधी बघितली. आलीय.