मित्राचा कुत्रा दहा दिवस सांभाळायचा आहे. मी कधीच कुत्रा पाळलेला नाही. जमेल का?

जमेल. नक्की हो म्हणा. तुम्ही लिहिलंय की कुत्रा पाच वर्षांचा आहे, तुम्हाला ओळखतो, पण तुमच्या घरी कधी राहिलेला नाही. आणि तुम्हाला भीती दोन गोष्टींची वाटते : तो रडत बसला तर काय, आणि दहा दिवसांत आपल्यालाच त्याचा लळा लागला तर काय. या दोन्हींतून मी गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मैत्रिणीची झिपरी सोळा दिवस माझ्याकडे होती. वय सात, अंगभर राखाडी झिपऱ्या, एक कान उभा आणि एक पडलेला. मैत्रीण तिला सोडून गेली तशी ती दाराकडे तोंड करून बसली. रडली नाही, भुंकली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उभा कान ताठ व्हायचा, पाऊल पुढे निघून गेलं की पुन्हा सैल पडायचा. रात्री अकरापर्यंत हेच चाललं होतं. खाण्याला तिने तोंडही लावलं नाही. माझ्या पोटात कालवत होतं, आणि त्या भरात मी चुकले. सारखी तिच्याजवळ जाऊन बसले, डोक्यावरून हात फिरवत राहिले, डोळ्यांत बघून समजूत घालत राहिले. ती मान वळवायची, ओठांवरून जीभ फिरवायची, जांभया द्यायची. मला वाटलं, दमली असेल बिचारी.

ती दमलेली नव्हती. झोपेची वेळ नसताना येणाऱ्या जांभया, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, ही सगळी अवघडलेपणाची लक्षणं आहेत. 'जरा लांब राहा' असं कुत्रं याहून स्पष्ट सांगू शकत नाही. नवख्या माणसाने वरून वाकून डोक्यावर हात ठेवणं किंवा टक लावून बघणं त्याला दरडावल्यासारखं वाटतं. म्हणून पहिले दोन दिवस तुम्ही तुमची कामं करत राहा. त्याला जवळ यायचं असेल तेव्हा येऊ द्या. आला की हात खालून पुढे करा, हुंगू द्या, आणि छातीवर किंवा खांद्यापाशी खाजवा.

त्या रात्री उपयोगी पडला तो मैत्रिणीचा टी-शर्ट. न धुतलेला, दोन दिवस अंगावर घातलेला. तिने पिशवीत घालून दिला होता आणि मी विसरले होते. तो अंथरल्यावर झिपरी उठली, शर्टाच्या काखेशी नाक खुपसून लांब श्वास घेतला, तीन गिरक्या मारल्या आणि त्यावरच मुटकुळं करून झोपली. कुत्र्याला वास म्हणजे काय असतं ते मला तेव्हा समजलं. नंतर वाचनात आलं की अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. मेंदूतला जो भाग काही चांगलं मिळणार असल्याच्या अपेक्षेशी जोडलेला आहे, तो ओळखीच्या माणसाच्या वासाला सर्वांत जास्त उजळला. ते माणूस तेव्हा खोलीत नव्हतं, नुसता वास होता.

खाण्याचं म्हणाल तर घरी जे खातो तेच, त्याच वेळी आणि तेवढंच. आपण लाडाने काही वेगळं देतो आणि त्याचं पोट बिघडतं. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदलतात, त्यामुळे दहा दिवसांसाठी तो विचारही करू नका. पहिल्या दिवशी धडधाकट कुत्रा जेवला नाही तर घाबरू नका, पाणी पितोय ना एवढं बघा. दुसरा दिवसही तसाच गेला, किंवा उलट्या, जुलाब, मरगळ दिसली, तर मित्राला फोन करा आणि डॉक्टर गाठा.

घरातल्या काही वस्तू मात्र आजच उचलून उंचावर ठेवा. चॉकलेट, कारण त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि हृदयावर परिणाम करतं. जितकं काळं चॉकलेट तितकं जास्त धोक्याचं. द्राक्षं आणि मनुका, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजलेला, रक्तातल्या लाल पेशी फोडतो. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये पुष्कळदा झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, अर्धीसुद्धा नाही. यातलं काही पोटात गेलं असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता पट्ट्याबद्दल, कारण यात माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. पाचव्या संध्याकाळी आम्ही फिरत होतो आणि जवळच एका ट्रकचा टायर फुटला. झिपरी दचकून मागे सरकली, मान खाली घातली आणि पट्टा दोन्ही कानांवरून निसटला. माझ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला रिकामा पट्टा. मी हाका मारत तिच्यामागे धावले. मी धावले तशी ती आणखी लांब गेली. मग मैत्रिणीचं बोलणं आठवलं : सुटली तर पाठलाग करू नकोस. मी थांबले, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि खाऊची पिशवी हातात कुरकुरवत राहिले. हाक मारली नाही, वळून बघितलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग कोपराला काहीतरी ओलं आणि गार लागलं. तिचं नाक होतं. पट्टा घालताना माझी बोटं इतकी थरथरत होती की बकल तिसऱ्या खेपेला लागलं.

पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जावीत, त्याहून सैल नको. घाबरट कुत्र्याला छातीवरून बांधायचा हार्नेस बरा. आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावर मित्राचा नंबर असेल, तर तो बाहेरगावी आहे हे लक्षात ठेवून तुमचाही नंबर अडकवा. लसीकरणाचं पुस्तक, त्याच्या डॉक्टरांचा फोन आणि 'माझ्या अनुपस्थितीत उपचारांचा निर्णय हे घेऊ शकतात' अशी मित्राच्या सहीची चिठ्ठीही मागून घ्या. मला ती लागली नाही, पण जवळ होती म्हणून झोप शांत लागली.

फिरायला नेणं म्हणजे व्यायाम, असं मी समजत होते. झिपरीने ते मोडून काढलं. एका विजेच्या खांबाशी ती चार-चार मिनिटं उभी राहायची. सुरुवातीला मी दोरी ओढायचे. मग एकदा तिच्या शेजारी बसून नीट बघितलं. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने एक चीर असते. सोडलेला श्वास त्या चिरेतून मागच्या बाजूला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळून न जाता आत येतच राहतो. खांबाशी धूळ होती, आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्या धुळीत दोन्ही बाजूंना बारीक रेघा उमटत होत्या. कोण आलं होतं, कधी आलं होतं, घाबरलेलं होतं का, हे सगळं ती वाचत होती. तेव्हापासून मी दोरी ओढली नाही. दिवसातली एक फेरी तरी त्याच्या नाकाच्या तालावर होऊ द्या. वीस मिनिटांत तुम्ही शंभर पावलंच गेलात तरी चालेल, तो घरी येऊन गाढ झोपेल. फक्त उन्हात निघण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. तोंडाने धापा टाकून अंग गार ठेवणारं जनावर आहे ते, घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच.

आणि दिवसभर त्याला रमवत बसायला हवं, हे ओझं डोक्यातून काढून टाका. पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसातले बारा-चौदा तास झोपतं. मी टेबलाशी काम करायचे आणि झिपरी हनुवटी माझ्या पावलावर टेकवून पडायची. झोपेत तिचे पुढचे पाय धावल्यासारखे हलायचे, मिटल्या तोंडातून बारीक भुंकणं यायचं, मग एक लांब उसासा टाकून सगळं अंग सैल. पाऊल बधिर झालं तरी मी हलवायचे नाही. घरात दुसरा कोणाचा तरी श्वास चालू आहे, एवढ्यानेच माझं मन निवायचं.

दहाव्या दिवशी ती खोलीच्या पलीकडून आपण होऊन माझ्याकडे बघत राहिली. डोळे मऊ, पापण्या अर्धवट, आणि या वेळी नजर वळवली नाही. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे असं बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. पहिल्या रात्री मी जी नजर तिच्याकडून जबरदस्तीने मागत होते, ती अशी आपोआप मिळाली.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या भीतीचं उत्तर : हो, लळा लागेल. सतराव्या दिवशी सकाळी सहाला मी चप्पल घालून दाराशी उभी होते आणि खुंटीवर दोरी नव्हती. खूप जड गेलं. पण तो लळा एकतर्फी नसतो. आता मी मैत्रिणीकडे गेले की झिपरी आधी माझ्या पिशवीत डोकं घालते आणि मग माझ्या पावलावर येऊन बसते. मैत्रीण पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, तारीख मी लिहून ठेवली आहे.

मित्राला आजच फोन करा आणि निघायच्या आधीचे दोन दिवस एकच टी-शर्ट घालायला सांगा. धुवायला टाकू नको म्हणावं.