लोणच्याआधी बर्फ

प्रिय पोरी,

तुझा माशाच्या लोणच्याचा हिशेब दोनदा वाचला. मसाला, बरण्या, लेबल, यंत्र, सगळं मांडलंयस. पण 10 किलो कटल्याचं 10 किलो लोणचं धरलंयस, तिथंच घोळ आहे. कटल्याचं डोकंच केवढं! डोकं, खवले, पोट गेलं की हातात सहा-साडेसहा किलो राहतं. तळताना पाणी जातं ते वेगळंच. डोकी विकली नाहीस तर खरेदीच्या दीडपटीहून जास्त भाव मिळाल्याशिवाय तुझी मजुरीही सुटायची नाही.

भिलवडीच्या काठावर वाढलीस, तुला वार काय सांगायचे! सोमवार, गुरुवार, शनिवार आपल्याकडं कोण मासा घेतंय? त्यात दत्ताचं औदुंबर शेजारी. पण जाळ्याला वार कळत नाहीत. शनिवारी पहाटे जाळं भरून आलं की तुझा बाप व्यापारी म्हणेल त्या भावाला माल देतो, कारण उन्हं चढली की कल्ल्यांचा तांबडा रंग उतरायला लागतो. तोच मासा रविवार सकाळपर्यंत टिकवायचा, तुझा धंदा इथून सुरू होतो.

म्हणून आत्ता यंत्र नको, बर्फ घे. उन्हाळ्यात माशाच्या वजनाएवढा, बारीक फोडलेला. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ. पेटीच्या तळाला भोक हवंच; रक्ताळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला तर बर्फाचा खर्च वाया. पोट लगेच काढ. आत कण्याला चिकटून काळपट लाल रेघ असते, ती चमच्याच्या टोकानं खरवड. घाण वास तिथूनच उठतो. आणि धुताना पिण्याचंच पाणी वापर, नदीचं नको. कृष्णेत मासे मेल्याची बातमी आली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतं.

सुरुवात चिलापीपासून, म्हणजे तिलापियापासून, कर. तिला कोणी मान देत नाही, पण रोहू-कटल्याच्या मांसात असतात तसे बारीक, दोन फाट्यांचे काटे तिच्यात नसतात. साफ करून, हळद-मीठ लावून अर्ध्या किलोची पिशवी केलीस तर पोरंबाळं असलेल्या घरात आधी खपेल.

लोणचं करू नको म्हणत नाही. माझ्या पहिल्या खेपेला तुकडे वरून लालबुंद, आत ओले राहिले होते. आठवड्यात झाकणं फुगली. सगळ्या बरण्या खड्डा खणून पुरल्या, शेजारणींना सांगितलं कुत्र्यानं उलथवल्या. व्हिनेगर कमी घातलं होतं, वास नको म्हणून!

अनुदानाचं विचारलंस. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अशी तरतूद ठेवली होती; आता चालू आहे का, ते आधी विचार. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. दोन-चार महिने विक्री झाल्याशिवाय बँकेची पायरी चढू नकोस.

आता अवघड गोष्ट. बापानं जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलीय. ज्याची उचल त्याला माल, ही काठावरची रीत. सगळा मासा एकदम वळवलास तर तो व्यापारी उद्या दारात येईल. रोज चार-पाच किलोच घे, आणि बापाला व्यापाऱ्याच्या भावानं रोख पैसे मोज. घरचा मासा फुकट धरलास की वहीत जो नफा दिसेल, तो बापाच्याच खिशातला असेल.

शनिवारी पहाटे काठावर येते. पेटी तू आण, विळी माझी.

तुझी,
मावशी