अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टाच्या न्यायाधीशाची कारकीर्द कशी असते? एखादं उदाहरण द्याल का?

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देतं, नेमणूक तहहयात. पण खरी कसोटी अनेकदा खालच्या कोर्टातच लागते.

अलाबामाचे फ्रँक जॉन्सन बघा. 1955 मध्ये फेडरल जिल्हा न्यायाधीश, म्हणजे अपील कोर्टाच्या खालच्या कोर्टात, झाले तेव्हा वय अवघं 37. पुढच्याच वर्षी तिघांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांतले एक जॉन्सन. 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी दिली तीही त्यांनीच, आणि समोर गव्हर्नर कोण? कॉलेजातला जुना सोबती जॉर्ज वॉलेस! 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. तरी माणूस हलला नाही. मला हे फार मोठं वाटतं.

अपील कोर्टात गेले 1979 मध्ये, जिमी कार्टर यांनी नेमल्यावर.