अठरा पूर्ण झाल्यानंतर

प्रश्न : मी शहरातील एका बालगृहात चार वर्षांपासून मुलांना शिकवते. तेथून बाहेर पडलेल्या एका १९ वर्षांच्या मुलाला नोकरी मिळाली, भाड्याची खोलीही मिळाली. पण तीन आठवड्यांतच त्याने काम सोडले. भाड्यासाठी त्याने माझ्याकडे दोनदा पैसे घेतले आणि आता तो फोन उचलत नाही. "पाण्यात पडला की आपोआप पोहायला शिकेल, तुम्ही त्याला सवय लावू नका," असे सहकारी म्हणतात. मी कोठवर मदत करावी?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे मत मला पटत नाही. घरात वाढलेला मुलगा याच वयात नोकरी सोडतो, आठ दिवस लोळत पडतो, आईवडिलांची बोलणी खातो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याला कोणी वाया गेला असे म्हणत नाही. आपल्या विद्यार्थ्याने याहून वेगळे काही केलेले नाही. त्या आठ दिवसांत राहायला त्याला घर नाही, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

अठरा ही कायद्याने सोयीसाठी आखलेली रेषा आहे. पुढचा विचार करणे आणि मनाला आवर घालणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. हे कायद्यांनाही उमगू लागले आहे. आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात संस्था सोडलेल्यांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पैशांच्या व इतर आधाराची, तरतूद आहे, तर इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने अशा तरुणांसाठी सल्लागाराची सोबत २५ पर्यंत वाढवली. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्वतंत्र जगण्याची तयारी मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी सुरू व्हावी, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात ती बहुधा शेवटच्या महिन्यात, सामान बांधताना होते.

त्याने काम का सोडले, हे आपण लिहिलेले नाही. कदाचित त्याने ते सांगितलेही नसेल. संस्थेत उठण्याची घंटा ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली, पैसे दुसऱ्याच्या हाती. रजा मागणे, घरमालकाकडे चार दिवसांची मुदत मागणे, चूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड दाखवणे, हे त्याने कधी केलेलेच नसते. एक खाडा पडला आणि आता आपल्याला ठेवणार नाहीत असे स्वतःच ठरवून तो परत गेलाच नाही, असेही घडलेले असू शकते. फोन न उचलण्यामागे मला बेपर्वाईपेक्षा घेतलेल्या पैशांचा संकोच अधिक दिसतो. म्हणून "पैशांचा विषय काढणार नाही, रविवारी भेटू" एवढाच निरोप पाठवावा, आणि भेटीत तो शब्द पाळावा.

यापुढे त्याला उसने पैसे देऊ नयेत. फेडता न येणारे कर्ज माणसाला तोंड लपवायला लावते. देणे शक्य असेल तर या महिन्याचे अर्धे भाडे आणि पुढच्या महिन्याचे पाव भाडे थेट घरमालकाला द्यावे व त्यानंतर काही मिळणार नाही, हे आधीच सांगावे. शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, मात्र भेटीगाठी चालू ठेवाव्यात. त्या किती वर्षे ठेवायच्या याचा हिशेब आत्ता मांडू नये.

हा भार आपण एकटीने वाहू नये. संस्थेतील समाजसेवकाला कळवावे आणि अनुरक्षणाच्या मदतीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करता येईल का, हे त्याला सोबत नेऊन विचारावे. तेथे बोलायचे मात्र त्यालाच लावावे. रात्रीअपरात्री कोणत्या कारणासाठी फोन करायचा, हेही ठरवून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

जुन्या मालकाला फोन करायला तो तयार झालाच, तर आधी आपण मालक व्हावे आणि त्याला दोन-तीनदा बोलायला लावावे. नकार ऐकण्याचीही तालीम व्हावी, कारण पहिला नकार आपल्याकडून ऐकलेला असला की खरा नकार ऐकून तो पुन्हा खोलीचे दार लावून बसण्याची शक्यता कमी होते.