आजीच्या फोटोला कागदाची सुरंगी

गो बाय,

तेराव्याला आजीच्या फोटोला कागदी गुलाबांचा हार करायचा म्हणतेस, तो तुझा मेसेज रात्रीच वाचला पण डोळे भरून आले म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आजीला जाऊन चार दिवस झाले म्हणजे तेराव्याला अजून आठ दिवस आहेत, तेवढ्यात आरामात होतं.

आधी ते गुलाब डोक्यातून काढ. व्हिडिओत सगळे गुलाबच करतात, पण आजीने जन्मात कधी गुलाब माळलेला आठवतो का तुला? तिचा जीव सुरंगीत. आरवलीकडचा वळेसार, म्हणजे सुरंगीचा गजरा, आला की आधी वास घ्यायची, मग माळायची, मग दुसऱ्या दिवशी सुकलेला उशाखाली ठेवायची. आता या आषाढात सुरंगी कुठून आणणार, ती उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते नि संपते. म्हणून कागदाची. खरी मिळाली असती तर मी तुला कात्रीला हातच लावू दिला नसता.

फूल सोपं आहे. चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुपका, खरं तर झुपकाच सगळं, पाकळ्या नावाला. पिवळ्या क्रेप पेपरची दीड सेंटिमीटर रुंद, चार बोटं लांब पट्टी घे, एका बाजूने अगदी बारीक बारीक काप, केसासारखं, बुडाला तसंच अखंड ठेव आणि खराट्याच्या हिराच्या टोकाला खळ लावून गुंडाळ. पाकळी कापताना क्रेपच्या सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या यायला हव्यात, आडवी कापलीस तर ताणली जाणार नाही आणि पत्र्यासारखी ताठ राहील. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हळूच ताण म्हणजे वाटीसारखी होते. पांढरा फार झगझगीत दिसला तर कोऱ्या चहाच्या पाण्याचं एक बोट फिरव, पण कागद भिजवू नकोस. पहिली पाच-सहा फुलं कोबीसारखी होतील, ती टाकून दे. चाळीस पुरेत. हार गच्च भरायच्या नादात माणसं शंभर करतात आणि मग शेवटची साठ कशीतरी उरकलेली दिसतात, त्यापेक्षा कमी बरी.

तारेच्या जागी हीर घे, माडाच्या झावळीचे, खराट्याचे असतात तेच. तार या हवेत दोन महिन्यांत गंजते आणि पांढऱ्यावर तांबूस डाग उतरतो. शिवाय पुढेमागे कोणी हार अग्नीला दिला तर हीर जळून जातो, तार मागे राहते. खळ मैद्याची शिजव, ताजी ताजी, कारण पावसात तिसऱ्या दिवशी वास मारते. (आमच्यात मोरचूद घालायचे टिकायला, पण ते विष आहे, घरात लहान पोर असताना नको.)

2018 ला थर्माकोल बंद झाल्यापासून आमच्या गणपतीचं मखर कागदाचंच असतं, माझा हात तिथेच बसला. पण शिकले ते घरातल्याच एका दुःखात. काकांच्या वेळी मी मोठ्या हौसेने लाल क्रेपची फुलं केली होती, पडवीतून आत नेताना पावसाची सर आली आणि सगळा रंग फोटोखालच्या पांढऱ्या कापडावर उतरला, लोक बघत राहिले, मी तर रडायचीसुद्धा विसरले. तेव्हापासून गडद रंग मी आधी ओल्या फडक्यावर घासून बघते. तुझ्या पिवळ्याचंही बघ. आणि हार प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, आत घाम धरतो. पत्र्याच्या डब्यात ठेव, भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी सोबत टाक.

एक विचारून घे, तुझ्या मोठ्या आत्येला. काही घरांत सुतक फिटेपर्यंत असलं काही करत नाहीत, मग तेराव्याच्या ऐवजी वर्षश्राद्धाला कर, आजी काही रुसायची नाही. आणि भटजींच्या विधीत कागदाचं फूल घुसवू नकोस, तिथे झेंडू-तुळस काय सांगतील ते ताजंच. आपला हार फक्त फोटोला. नंतर खाडीत सोडू नकोस हं, क्रेपचा रंग पाण्यात जातो.

वासाचं म्हणशील तर कागदाला अत्तर लावू नकोस, डाग पडतो. माझ्याकडे सुकलेली बकुळ आहे, तिचा वास सुकल्यावरही जात नाही. ती दोन-चार फुलांमागे एक अशी ओव. सुरंगीचा वास नाही तो, पण आजीच्या ट्रंकेत बकुळ असायचीच. उद्याच्या एसटीने पुडी आणि हिरांची जुडी पाठवते, डेपोतून संध्याकाळी कोणाला तरी घ्यायला सांग.

तुझी काकी

ता.क. कात्री धारेची घे, भाजीची नको.