वकिलाविरुद्धची तक्रार वर्षभर पडून? आधी आवक तारीख शोधा

साताऱ्याचे एक वाचक विचारतात : जमिनीच्या दाव्यात समन्स मिळालं होतं, पण वकील हजरच राहिले नाहीत, आमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा (आमची बाजू न ऐकता दिलेला निकाल) झाला, फाईलही परत देत नाहीत. राज्याच्या बार कौन्सिलकडे (वकिलांवर देखरेख करणारी संस्था) साध्या कुरिअरनं तक्रार करून 14 महिने झाले, पावती जपली नाही. तिथल्या शिस्तपालन समितीकडे ती 8 महिन्यांपूर्वी गेली, म्हणून ‘वर्ष अजून व्हायचंय’ असं कळतं. ती दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग करण्यासाठी अर्ज करू का?

वर्ग करून मागायची गरजच नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961च्या कलम 36-बी प्रमाणे राज्य कौन्सिलच्या शिस्तपालन समितीनं वर्षभरात निकाल दिला नाही, तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. वर्ष मोजायचं तक्रार मिळाल्या तारखेपासून. समितीकडे ती कधी सोपवली याला अर्थ नाही. तुमचं वर्ष संपलंय. मुंबईत राज्य कौन्सिलसमोर तारखा घेत राहिलात आणि आदेश तुमच्या बाजूनं लागला, तर अपिलात पहिला मुद्दा अधिकारक्षेत्राचाच निघेल. ‘दोघंही हजर होतो’ यानं अधिकार मिळत नाही.

सगळं त्या एका तारखेवर, आणि तुम्ही तक्रार साध्या कुरिअरनं पाठवून पावती रद्दीत टाकलीत! आता राज्य कौन्सिलच्या सचिवांना स्पीड पोस्टनं पत्र लिहून आवक क्रमांक आणि तारीख मागा. उत्तर नाही आलं तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. सचिवांच्या त्याच पत्रात 36-बी चा उल्लेख करून कागदपत्रं दिल्लीला पाठवायला सांगा, प्रत थेट दिल्लीला. स्पीड पोस्टच्या पावतीची झेरॉक्स लगेच काढा, त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतरही तयार ठेवा.

के. अंजिनप्पा प्रकरणात (2021) सर्वोच्च न्यायालयानं वर्ग झालेल्या तक्रारी दिल्लीनंही वर्षात संपवाव्यात असं बजावलं. ही एक वर्षाची मुदत कायद्यात आली 1973च्या दुरुस्तीनं, तरी 2021मध्ये बजावावं लागलं, तेव्हा तिच्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

आणि वकिलाची सनद गेली तरी हुकूमनामा जागेवरच राहतो. तो रद्द करायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 खाली मुदत 30 दिवसांची. समन्स तुम्हाला मिळालं होतं, त्यामुळे ती हुकूमनाम्यापासूनच धावते. विलंबमाफीचा अर्ज जोडावाच लागेल. बार कौन्सिलची तक्रार चालू होती, हे कारण 14 महिन्यांना पुरेल असं मला वाटत नाही. कुठल्या तारखेला काय कळलं, ते क्रमानं लिहा. फाईलची वाट पाहू नका. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवता येत नाही, हे आर. डी. सक्सेना निकालात (2000) ठरलंय, पण ती भांडून मिळवण्याआधी कोर्टाच्या नक्कल विभागात रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलांचा अर्ज याच आठवड्यात टाका.