खेळाडूला ‘राष्ट्रीयत्व’ मिळतं की ‘नागरिकत्व’?

प्रश्न असा आहे. ‘फुटबॉल मॅनेजर’ या, मॅनेजर होऊन क्लब चालवायच्या संगणक-गेममध्ये एखादा खेळाडू परदेशातल्या क्लबकडे बरीच वर्षं राहिला की एक दिवस तो त्या देशाचाही झाल्याची बातमी येते, आणि त्याच्या नावाशेजारी दुसऱ्या देशाचाही झेंडा दिसू लागतो. हे मराठीत कसं सांगावं? राष्ट्रीयत्व मिळालं, नागरिकत्व मिळालं, की त्याने देश बदलला?

बातमी सांगताना ‘नागरिकत्व मिळालं’ म्हणावं, झेंड्यांच्या रकान्याला ‘राष्ट्रीयत्व’ म्हणावं, आणि ‘देश बदलला’ हे इथे अजिबात वापरू नये, असं माझं मत आहे.

नागरिकत्व ही सरकारने द्यायची गोष्ट. त्यासाठी वास्तव्याची अट असते आणि ती देशागणिक वेगळी असते. स्पेनमध्ये सर्वसाधारण अट 10 वर्षांची आहे, पण लॅटिन अमेरिकी देशांच्या नागरिकांना 2 वर्षं पुरतात. फ्रान्समध्ये साधारणपणे 5 वर्षं लागतात, तर इटलीत युरोपियन युनियनबाहेरून आलेल्याला 10. गेमही याच धर्तीवर चालतो, प्रत्येक देशासाठी त्याची मुदत ठरलेली असते. म्हणून कोलंबियाचा एखादा तरुण विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक) स्पॅनिश क्लबने घेतला तर तो लवकर स्पॅनिश नागरिक होतो, आणि तोच इटलीत गेला तर वर्षानुवर्षं थांबतो. मॅनेजरला याचं मोल फार, कारण ला लिगा या स्पेनच्या अव्वल स्पर्धेत सामन्याच्या चमूत युरोपियन युनियनबाहेरचे 3च खेळाडू चालतात. एकाला नागरिकत्व मिळालं की एक जागा मोकळी होते. झेंडा वाढल्याचा खरा आनंद तो हाच.

आता ‘देश बदलला’ का नको ते पाहू. ब्राझीलचा विनिशियस ज्युनियर 2018 मध्ये रेआल माद्रिद या स्पॅनिश क्लबकडे आला आणि 2022 मध्ये त्याला स्पेनचं नागरिकत्व मिळालं. त्याने देश बदलला का? नाही, तो आजही ब्राझीलकडूनच खेळतो. उलट डेक्लन राइसचं पाहा. लंडनमध्ये जन्मलेला हा खेळाडू 2018 मध्ये आयर्लंडकडून 3 मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि 2019 पासून इंग्लंडकडून खेळू लागला. त्याला कुठलंही नवं नागरिकत्व घ्यावं लागलं नाही, तरी त्याच्याबाबतीत ‘संघ बदलला’ हे अगदी खरं. एकाला नागरिकत्व मिळालं पण संघ तोच राहिला, दुसऱ्याचा संघ बदलला पण नागरिकत्व होतं तेच. दोन्हींना एकच शब्दप्रयोग लावला तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही.

गोंधळ होतो तो ब्राझीलमध्ये जन्मलेल्या दिएगो कोस्टासारख्या उदाहरणांमुळे. मार्च 2013 मध्ये तो ब्राझीलकडून 2 मैत्रीपूर्ण सामने खेळला, त्याच वर्षी त्याला स्पेनचं नागरिकत्व मिळालं आणि 2014 मध्ये तो स्पेनकडून उतरला. सगळं वर्षभरात घडल्याने लोकांच्या बोलण्यात या दोन घटनांची एकच झाली. प्रत्यक्षात नियमही वेगळे आहेत. जन्म, आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कशाचाही आधार नसलेला खेळाडू मोठ्या वयात त्या देशात आला असेल, तर तिथल्या राष्ट्रीय संघाकडून खेळण्यासाठी फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना 5 वर्षांचं वास्तव्य मागते. म्हणजे आपला कोलंबियन विंगर 2 वर्षांनी स्पेनचा नागरिक झाला, तरी स्पेनच्या संघासाठी तो अजून पात्र नसतो.

हा फरक दाखवायला मराठीत एखादा विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय पुरतं, आणि मला ही सोय मनापासून आवडते. ‘स्पेनचा खेळाडू’ म्हटलं तर तो तिथे जन्मला, तिथल्या क्लबात आहे, की तिथला नागरिक आहे, काहीच ठरत नाही. ‘स्पेनकडून खेळतो’ म्हटलं की राष्ट्रीय संघाशिवाय दुसरा अर्थ उरत नाही. त्याला ‘मूळचा’ जोडा: ‘जॉर्जिन्यो मूळचा ब्राझीलचा, इटलीकडून खेळला.’ सगळा इतिहास एका वाक्यात येतो. (त्याला इटलीचं नागरिकत्व मिळालं ते पूर्वजांमुळे. गेममध्ये काही खेळाडू सुरुवातीपासूनच दोन झेंडे घेऊन येतात, त्यामागे बहुतेक असाच वारसा असतो.)

क्रियापदही जपून निवडावं. ‘नागरिकत्व पत्करलं’ हा मराठीतला जुना, चांगला प्रयोग आहे, पण त्यात माणसाचा निर्णय असतो आणि बरेचदा आधीचं काही सोडल्याची छटाही असते. गेममधला खेळाडू काहीच ठरवत नाही. मुदत भरते आणि बातमी येते. म्हणून ‘मिळालं’ हेच बरोबर. कायद्याच्या भाषेत ‘देशीयकरण’ असा शब्द आहे, तो कायद्यातच राहू द्यावा.

दुसऱ्या झेंड्याला काही जण ‘दुय्यम राष्ट्रीयत्व’ म्हणतात, ते मला खटकतं. ‘दुय्यम’ म्हणजे कमी दर्जाचं, आणि कायद्यापुढे दुसरं नागरिकत्व पहिल्याइतकंच पक्कं असतं. ‘दुसरं राष्ट्रीयत्व’ म्हणावं.

मग सगळीकडे ‘नागरिकत्व’ का वापरू नये? ब्रिटनमुळे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हे फुटबॉलमधले 4 वेगळे संघ, आणि गेममध्ये या चौघांची राष्ट्रीयत्वंही वेगळी. पण ‘स्कॉटलंडचं नागरिकत्व’ अशी गोष्ट जगात अस्तित्वातच नाही, चौघांचं नागरिकत्व एकच, ब्रिटिश. तिथे झेंड्याबद्दल बोलायचं तर ‘राष्ट्रीयत्व’ हाच शब्द हवा, आणि पासपोर्टबद्दल बोलायचं तर ‘ब्रिटनचं नागरिकत्व’.